गाणं कुणाच्या नावावर?

मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं की प्रत्येक अंकात एक तरी लेख कामाचा असावा. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ते फोल्डरांचं लिही, म्हणजे दरवर्षी नव्या मुलांना पहिल्यापासून सांगत बसायला नको." मी साहित्याची विद्यार्थिनी, संगणकाची नाही. जे येतं ते लॅबच्या सरांच्या मागे लागून शिकले, आणि उरलेलं एक मोठी चूक करून. चूकच आधी सांगते, कारण तिच्याशिवाय बाकीचं कशाला शिकायचं हे कळणार नाही.

जून संपत आला होता. प्रथम वर्षाची एक मुलगी मंडळात नवीनच आलेली. ती खोलीत येऊन मोठ्या आनंदाने म्हणाली, "ताई, कणकुंबीचं ते गाणं म्हटलंय ना, त्या आजी माझ्या मावशीच्या शेजारच्या! आवाजावरनंच ओळखलं. घरी आईलापण ऐकवलं मी."

माझ्या पोटात गोळा आला. ते गाणं फक्त एका व्यक्तीला उघडता येईल असं ठेवलेलं होतं, आणि ती व्यक्ती ही मुलगी नव्हती.

कणकुंबी माझं गाव. खानापूर तालुक्यातलं, बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना गोव्याच्या हद्दीअलीकडचं. मलप्रभा तिथेच उगम पावते, माउलीच्या देवळाजवळ. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत आणि गावात मराठी, कचेरीत कन्नड. दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या आम्ही चौघींनी कणकुंबी, पारवाड, जांबोटी या बाजूला फिरून म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. बहुतेक ओव्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या. पण एका आजींनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, सासरच्या माणसांवरचं, नावंनिशी. म्हणून झाल्यावर म्हणाल्या, "हे तुम्हांला म्हणून म्हटलं. बाहेर जाऊ देऊ नका." आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताईने शब्द दिला. रेकॉर्डिंग तिच्या नावावर ठेवलं, कुलूप लावलं, आणि विषय संपला असं आम्हांला वाटलं. (हा लेख लिहू का असं मी आजींना विचारलंय. "गाणं सोडून काय ते लिव्ह" असं त्यांचं उत्तर.)

आता कुलूप म्हणजे काय ते बघू. आमच्या खोलीतले आठ संगणक लिनक्सवर चालतात, म्हणून मी त्याचंच सांगते. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच रोमन.

लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर नाव घालतात ना, तसं लिनक्समध्ये प्रत्येक फाईलवर नाव घातलेलं असतं. एक नव्हे, दोन: एक मालकाचं, एक गटाचं. आणि तीन प्रकारच्या लोकांसाठी तीन परवानग्या: मालकाला काय करता येईल, गटातल्यांना काय, आणि उरलेल्या जगाला काय. वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे गुण धरून बेरीज करतात. म्हणून ६०० म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, बाकी सगळ्यांना शून्य. ६४० म्हणजे गटालाही वाचता येईल. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत शिरणं, म्हणून खाजगी फोल्डरला ७०० देतात. ताईचा फोल्डर ७०० होता. इतपत सगळं बरोबर होतं.

चूक पुढच्या पायरीत होती. भांड्यावर नाव घातलंय असं मी म्हटलं, पण खरं तर लिनक्स नाव कोरत नाही, नंबर कोरतो. 'एलएस -एल' अशी आज्ञा दिली की पडद्यावर मालकाचं नाव दिसतं, पण ते दर वेळी यादीत बघून छापलेलं असतं. फाईलसोबत साठवलेला असतो फक्त आकडा. यादीत त्या आकड्यापुढे ज्याचं नाव, तो मालक.

बेळगावकरांना हे पटकन कळेल. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं, पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली, आणि त्यावर आपल्याकडे काय काय बोललं गेलं ते तुम्हांला माहीत आहेच. पण पिन कोड ५९०००१ तोच राहिला. पत्रावर नाव काहीही घाला, वाटप त्या आकड्यावर होतं. लिनक्समध्ये तसंच. तुमचं लग्न झालं, आडनाव बदललं, खात्याचं नाव बदललं, तरी फायली तुमच्याच राहतात कारण नंबर तोच आहे. आणि याची उलटी बाजू: नंबर दुसऱ्याला दिला, की फायली त्याच्या.

पूर्वी आमच्या आठ संगणकांवर आठ वेगळ्या याद्या होत्या. उबुंटूमध्ये पहिल्या माणसाला १००० नंबर मिळतो, दुसऱ्याला १००१, असं क्रमाने. ज्या संगणकावर जो आधी खातं उघडेल त्याला तिथला पुढचा नंबर. त्यामुळे तिसऱ्या संगणकावर १००४ म्हणजे ताई, आणि सहाव्यावर १००४ म्हणजे दुसराच कुणी मुलगा. प्रत्येकजण आपापल्या मशीनवर असेपर्यंत काही बिघडत नाही. पण सर्व्हरवरचा एक सामायिक फोल्डर सगळ्या मशीनवर जोडला (त्याला एनएफएस म्हणतात) की पंचाईत. साध्या मांडणीत मशीन सर्व्हरला फक्त आकडा सांगते, 'मी १००४', आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. सहाव्या संगणकावरचा मुलगा ताईच्या फायली स्वतःच्या म्हणून उघडतो.

यावर पुष्कळ ठिकाणी एक सोपा उपाय करतात. सगळ्यांना एकच खातं, एकच पासवर्ड, तो भिंतीवर चिकटवलेला. आम्हीही वर्षभर तेच केलं. मग कुणीतरी मागच्या अंकाची मूळ फाईल पुसली आणि कुणी पुसली ते आजतागायत कळलेलं नाही, कारण सगळ्यांचं नाव एकच.

कर्नाटकात याचं मोठं उदाहरण आपल्या घराघरात आहे. शेताचा उतारा आता संगणकावरून निघतो तो 'भूमी' प्रकल्पामुळे. त्याआधी राज्यभरातले सुमारे ९,००० ग्राम लेखापाल ही दप्तरं हाताने लिहायचे. २००० सालच्या आगेमागे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर घेतले गेले. तेव्हा फेरफार नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना नुसता पासवर्ड दिला नाही, बोटाचा ठसाही लावला. पासवर्ड शेजारच्याला सांगता येतो, बोट देता येत नाही. अमक्या नोंदीला हात कुणी लावला हे नंतर सांगता आलं पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. जमिनीच्या मानाने आमचा फोल्डर म्हणजे काहीच नाही, पण हिशोब तोच लागू पडतो: माणूस तितकी खाती.

मग आठ याद्यांचं काय करायचं? एक करायची. इथे मला आमच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर आठवतं. माझ्या आईचा बाप्तिस्मा गोव्यात झाला, लग्न इकडे. लग्न इकडच्या रजिस्टरात लिहिलं गेलंच, पण त्याची खबर तिकडे कळवली गेली आणि गोव्यातल्या तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लग्नाची नोंद झाली. हा नियमच आहे. माणूस कुठेही गेला तरी त्याची मूळ नोंद एकाच जागी, आणि बाकीच्यांनी तिथून दाखला मागवायचा. म्हणून लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणायला सांगतात. कपाटातला वीस वर्षांपूर्वीचा चालत नाही.

संगणकावर असं रजिस्टर ठेवायच्या पद्धती बऱ्याच आहेत. सन कंपनीने केलेली जुनी पद्धत आधी 'यलो पेजेस' नावाची होती. ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं नोंदणीकृत निघालं, म्हणून बदलून 'एनआयएस' केलं. पण तिच्या आज्ञा अजून 'वायपी' या अक्षरांनीच सुरू होतात. नाव बदललं तरी जुनी पाटी कुठेतरी राहतेच. आज जास्त चालते ती 'एलडॅप', १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात तयार झालेली. विंडोजवाल्यांची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' हीसुद्धा एलडॅपच्याच भाषेत बोलते. आमच्या सरांनी एलडॅप बसवलं. त्यात प्रत्येक माणसाची एक नोंद: नाव, नंबर, मुख्य गटाचा नंबर. प्रत्येक गटाची एक नोंद: नाव, नंबर, सभासद. आठही संगणकांना सांगितलं की स्वतःची यादी बघून झाली की रजिस्टरला विचारा. आता कुठल्याही खुर्चीवर बसा, तुम्ही तेच. 'आयडी' ही आज्ञा दिली की तुमचा नंबर आणि तुमचे सगळे गट दिसतात. आठही ठिकाणी उत्तर एकसारखं यायला हवं. येत नसेल तर त्या मशीनवर कुणीतरी जुनं स्थानिक खातं विसरलंय असं समजा.

नवे नंबर आम्ही १०,००० पासून पुढे दिले, म्हणजे जुन्या हजारच्या नंबरांशी गल्लत नको. पण यादी बदलली म्हणून फायलींवर कोरलेले जुने आकडे आपोआप बदलत नाहीत. ताईच्या फायलींवर १००४ होतं, ती आता १००१७. मशीन आणि नंबर पाहून एकेकाच्या फायली शोधायच्या ('फाइंड' आज्ञेला -यूआयडी आणि जुना नंबर द्यायचा) आणि 'सीएच-ओन' ने नवा मालक घालायचा. हे साध्या खात्यातून होत नाही. लिनक्समध्ये आपली फाईल दुसऱ्याच्या नावावर करायचा अधिकार मालकालाही नसतो, फक्त रूटला, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाला असतो. मालकाला इतकंच करता येतं की फाईलचा गट बदलून आपण ज्यात आहोत असा दुसरा गट घालावा. दोन शनिवार गेले त्यात, पण काम नीट झालं.

गटांचं जरा सविस्तर सांगते, कारण रोज लागतं तेच.

अंकाचं काम करणाऱ्यांचा एक गट केला, 'अंक'. त्याचा एक फोल्डर, गट 'अंक', परवानगी ७७०. पहिल्याच दिवशी बोंब: एकीने लेख टाकला, दुसरीला उघडेना. कारण नवी फाईल जन्मते ती करणाऱ्याच्या मुख्य गटाची, फोल्डरच्या गटाची नव्हे. इलाज म्हणजे फोल्डरला 'सेटजीआयडी' खूण लावायची, ७७० च्या आधी २ घालून २७७०. मग त्या फोल्डरात तयार होणारी प्रत्येक फाईल फोल्डरच्याच गटाची होते, आणि आतले नवे फोल्डरही ती खूण घेऊन जन्मतात. आमच्या गावात लग्नाला लागणारी मोठी पातेली गावकीची असतात. कुणाच्याही मांडवात गेली तरी गावकीचीच. तसं.

तरीही अडतं. 'यूमास्क' नावाची एक सेटिंग असते, नव्या फाईलवरून कुठल्या परवानग्या काढून घ्यायच्या ते सांगणारी. ती ०२२ असली तर गटातल्यांना वाचता येतं पण दुरुस्ती करता येत नाही. ००२ करावी लागते. आणखी एक खोच: बाहेरची फाईल फोल्डरात 'कॉपी' केली तर नवी प्रत होते, तिला फोल्डरचा गट मिळतो. पण त्याच डिस्कवरून 'मूव्ह' केली तर ती आपला जुना गट घेऊनच येते. निम्म्या तक्रारी इथल्या असतात. उरलेल्या निम्म्या याच्या: तुम्हांला गटात घातलं तरी चालू असलेल्या सेशनला ते कळत नाही. एकदा बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करा, मग माझ्याकडे या.

आणि फोल्डरात लिहायची परवानगी असली की दुसऱ्याची फाईल पुसताही येते, फाईल त्याची असली तरी. ते नको असेल तर पुढे आणखी १ मिळवून ३७७० करायचं. मग ज्याची फाईल त्यानेच, किंवा फोल्डरच्या मालकाने पुसावी. हे आम्ही मूळ फाईल गमावल्यानंतर शिकलो.

पावसाळ्यात कणकुंबीला नेटवर्क असतं-नसतं, वीजही तशीच. मंडळाचा लॅपटॉप मी घरी नेला तेव्हा भीती होती की रजिस्टरशी संपर्क नाही म्हटल्यावर लॉग-इनच होणार नाही. झालं. 'एसएसएसडी' नावाचा कार्यक्रम आधी एकदा लॉग-इन केलेल्या माणसाची ओळख जपून ठेवतो, तशी सेटिंग केलेली असली तर. मात्र मी घरी असताना सरांनी मला एका नव्या गटात घातलं, ते लॅपटॉपला बेळगावला परत येईपर्यंत कळलं नाही. पेन ड्राइव्हचंही लक्षात ठेवा. बाजारात मिळतो तसा पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो तिच्यात मालक, गट, ७००, ६४० यांतलं काहीच साठत नाही. फाईल त्यावर गेली की कोरलेलं सगळं पुसलं, ज्याच्या हातात त्याची.

आता माझी चूक. मे महिन्यात मंडळाची खाती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. ताई शिकून बाहेर पडली होती, हल्ली निपाणीला शिकवते. पास झालेल्यांची खाती मी साफसफाई म्हणून काढून टाकली. त्याच दिवशी त्यांच्या फायली मालक नसलेल्या झाल्या, म्हणजे 'एलएस' मध्ये नावाच्या जागी नुसता आकडा, १००१७. मी ते बघितलंही नाही. जूनमध्ये नवी मुलं आली. यादीत मधले नंबर रिकामे दिसत होते, ते व्यवस्थित भरून काढले. मला वाटलं किती नीटनेटकं काम केलं. १००१७ त्या मुलीला गेला. तिने सामायिक फोल्डर उघडला, त्यात एका फोल्डरवर मालक म्हणून तिचंच नाव दिसलं, तिने उघडला. तिची काय चूक? तिच्याच नावाचा होता तो. बाकी कुणालाही उघडला नसता. सगळ्यात घट्ट कुलूप होतं आणि किल्ली मी तिच्या हातात दिली.

म्हणून आता आमच्याकडे दोन गोष्टी पाळल्या जातात. गेलेल्या माणसाचं खातं पुसायचं नाही, फक्त बंद करायचं. त्याची नोंद आणि नंबर रजिस्टरात राहतात. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातून मेलेल्या माणसाची ओळ कुणी खोडून तिथे नव्या बाळाचं नाव घालतं का? आणि खातं बंद करायच्या आधी सर्व्हरवर 'फाइंड' चालवून त्या नंबरच्या फायली कुठे आहेत ते बघायचं आणि त्या कुणाकडे द्यायच्या ते त्याच माणसाला विचारायचं. शिवाय महिन्यातून एकदा 'फाइंड -नोयूजर', म्हणजे बेवारस फायलींची यादी. मे मध्ये ही एक आज्ञा दिली असती तरी पुढचं टळलं असतं.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी आजींकडे गेले. पाऊस मरणाचा. चुलीजवळ बसवलं, चहा दिला, आणि मी सांगून टाकलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या मुलीच्या मावशीकडून त्यांना आधीच कळलं होतं, हे मला नंतर समजलं. मग त्यांनी विचारलं, "मग आता ते कुणाच्या नावावर हाय?"

मी म्हटलं, अजून कुणाच्याच नाही. पुसायचं असेल तर आत्ता फोन करून पुसायला सांगते. त्यांनी मान हलवली. पुसायचं नव्हतं. कुणी ऐकलेलं चालेल, असं विचारल्यावर म्हणाल्या, "ती निपाणीची पोरगी. आणि तुमची ती बाई, मास्तरीण. बास."

"आणि मी?"

"तू नको गं. तू गावातली. तुझं माझ्या दारावरनं जाणं-येणं हाय."

परत आल्यावर गाण्यासाठी वेगळा गट केला, दोन सभासदांचा. मालक म्हणून कुणा माणसाचं नाव न घालता मंडळाच्या नावाचं एक खातं काढलं ज्यातून लॉग-इन होत नाही. म्हणजे कोण आलं-गेलं तरी मालक तोच, आणि ऐकणारे बदलायचे तर गटाची यादी बदलायची. फोल्डर ०७५०, फाईल ०६४०. ताईचं खातं जुन्याच नंबरावर पुन्हा चालू केलं आणि त्या मुलीला नवा नंबर दिला. तिने स्वतःहून फोनमधली प्रत काढून टाकली.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. रूटला कुठलीच परवानगी अडवत नाही, सर ते गाणं केव्हाही ऐकू शकतात. हे आजींना सांगायला हवं होतं, पुढच्या खेपेला सांगितलं. "मास्तर ऐकत बसणार हाय व्हय?" म्हणून हसल्या. फाईलला वेगळा पासवर्ड घालून गुप्त लिपीत ठेवता येते, ते काम सध्या ताई करते आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मी. गटाच्या याद्या मीच सांभाळते, म्हणजे स्वतःला त्या गटात केव्हाही घालू शकत होते. एलडॅपमध्ये कुठल्या नोंदीला कुणी हात लावायचा हेही ठरवता येतं. सरांना सांगून त्या एका गटापुरता माझा अधिकार काढून घेतला आणि मॅडमना दिला. काल 'आयडी' देऊन बघितलं. माझ्या नावापुढे सात गट आहेत, तो नाही.